विश्लेषण : सापांसाठी उंदीर पाळायचे, पण त्या उंदरांना काय खायला घालायचे?

बॉल पायथनसारखे परदेशी साप पाळण्याचा छंद महानगरांपुरता राहिलेला नाही. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांतही सापाच्या खाद्यासाठी घरीच पांढरे उंदीर वाढवण्याचा विचार होऊ लागला आहे. साप आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खातो, उंदीर मात्र रोज खातात. त्यामुळे खर्चाचा खरा हिशेब सापाचा नसून उंदरांचा असतो. हा खर्च वाचवण्यासाठी शिळी भाकरी, गुरांची पेंड किंवा कोंबडी खाद्य वापरले, तर बचत होते की नुकसान?

घरातले किंवा शेतातले उंदीर पकडून का चालत नाही?

फुकट मिळणारा उंदीर सर्वांत महाग पडू शकतो. घरात आणि गोदामात वापरल्या जाणाऱ्या ब्रोमॅडिओलोनसारख्या विषाने उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस हिंडत राहतो, विष त्याच्या यकृतात साठते आणि त्याला खाणाऱ्या प्राण्याच्या पोटात जाते. शिवाय जंगली उंदरांसोबत लेप्टोस्पायरोसिसचे जंतू, पिसवा, गोचीड आणि जंतही येतात.

मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. ऑगस्ट १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरत हादरले. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांत राहिलेल्या धान्यावर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. उंदीर घरात आणायचाच असेल, तर तो कुठून आला आणि काय खाऊन वाढला हे माहीत असलेलाच हवा.

उंदराला नेमके किती आणि काय लागते?

प्रौढ पांढरा उंदीर दिवसाला साधारण ३ ते ५ ग्रॅम कोरडे खाद्य खातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९५ मध्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या पोषणाचे निकष प्रसिद्ध केले. त्यात उंदरांच्या खाद्यात सुमारे १८ टक्के प्रथिने, ५ टक्के स्निग्धांश आणि अर्धा टक्का कॅल्शियम धरले आहे. प्रयोगशाळांसाठी तयार होणाऱ्या गोळी खाद्याचे गणितही याच्याच आसपास असते.

माणसांप्रमाणे उंदरांना आहारातून क जीवनसत्त्व घ्यावे लागत नाही. ते त्यांच्या शरीरातच तयार होते. अडचण येते ती प्रथिनांची. मादीचा गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो. एका वेळी सहा ते बारा पिल्ले होतात आणि व्याल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. नर सोबतच ठेवला, तर एका मादीवर अंगावर पाजणे आणि पोटात वाढवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी येतात. अशा मादीचे खाणे दुपटी-तिपटीने वाढते. ते मिळाले नाही, तर ती पिल्ले खाऊन टाकते. ‘मादी वाईट निघाली’ असे म्हणून तिला बदलण्याआधी खाद्याची वाटी तपासणे बरे.

शिळ्या भाकरीवर का भागत नाही?

बाजरीत साधारण ११ टक्के प्रथिने असतात, ज्वारीत दहाच्या आसपास, मक्यात त्याहून थोडी कमी. भाकरी वाळवली म्हणून हे प्रमाण वाढत नाही. शिवाय तृणधान्यांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. नुसत्या भाकरीवर प्रौढ उंदीर जगतात, म्हणून खाद्य पुरेसे आहे असे वाटते. फरक दिसतो तो पिल्लांच्या संख्येत आणि वजनात.

लायसिनची ही कमतरता सोयाबीन भरून काढते, आणि ते या भागात भरपूर पिकते. त्यात ३६ ते ४० टक्के प्रथिने असतात. तीन भाग बाजरी आणि एक भाग सोयाबीन घेतले, तर मिश्रणात जवळपास १८ टक्के प्रथिने येतात. एवढी साधी बेरीज आहे. तेलही सुमारे ९ टक्क्यांपर्यंत जाते. ते थोडे जास्त असले, तरी पाजणाऱ्या माद्यांना चालते. सोयाबीनऐवजी फुटाणे घेतले, तर हाच आकडा गाठायला निम्म्याहून अधिक फुटाणे घालावे लागतील आणि खर्च वाढेल. सोयाबीन मात्र कच्चे देऊ नये. त्यात प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो, तो उष्णतेने निष्क्रिय होतो. भिजवून अर्धा तास उकळणे किंवा मंद आचेवर नीट भाजणे पुरेसे आहे. घरात सोया वडी असेल, तर ती आधीच शिजवलेली आणि तेल काढलेली असते. तिच्यात प्रथिने सुमारे ५० टक्के असल्याने चार भाग बाजरीला एक भाग वडी पुरते.

हे धान्य अख्खे टाकले, तर उंदीर आवडते तेवढे निवडून खातो आणि उरलेले तुडवतो. म्हणून दोन्ही दळून, पाण्यात घट्ट मळून, छोट्या बट्ट्या करून भाजायच्या किंवा कडक वाळवायच्या. उंदरांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कडक बट्टी दुहेरी कामाची. पिठातच किलोमागे १० ग्रॅम अंड्याच्या कवचाची पूड घातली, की कॅल्शियमची कमतरता बरीचशी भरून निघते. अ जीवनसत्त्वासाठी अधूनमधून गाजराचा तुकडा किंवा मेथीची दोन पाने, आणि व्यालेल्या मादीला उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा. ओले खाद्य फार झाले, तर हगवण लागते. घरच्या बट्टीत सगळी जीवनसत्त्वे नेमक्या मापात येत नाहीत. त्यामुळे जमेल तेव्हा तयार गोळी खाद्य मिसळून देणे अधिक सुरक्षित.

हिशेब किलोचा करायचा की उंदराचा?

२०२५-२६च्या खरीप हंगामात बाजरीचा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये आहे. या दराने नुसती बाजरी किलोला पावणेअठ्ठावीस रुपयांना पडते आणि तीनास एक मिश्रण सुमारे ३४ रुपयांना. किराणा दुकानात दोन्ही महाग मिळतील, पण फरकाचे प्रमाण साधारण तेच राहील.

आता एक नर आणि तीन माद्यांचा एक पिंजरा घेऊ. पाजणाऱ्या माद्या आणि खाऊ लागलेली पिल्ले धरून महिन्याला अंदाजे एक किलो खाद्य लागेल. माद्यांनी प्रत्येकी आठ पिल्ले जगवली, तर २४ पिल्ले होतात, म्हणजे एका पिल्लामागे खाद्याचा खर्च दीड रुपयाच्या आत. नुसत्या बाजरीवर निम्मीच पिल्ले जगली, असे धरले, तर तोच खर्च सव्वादोन रुपयांच्या वर जातो. किलोमागे सहा रुपये वाचवणारे खाद्य पिल्लामागे महाग पडते. आकडे गृहीत धरलेले आहेत, पिंजऱ्यागणिक ते बदलतील. पण पिंजऱ्यावर वही टांगून किती पिल्ले झाली आणि किती जगली हे लिहिले, तर आपल्या खाद्याचा निकाल दोन महिन्यांत हाती येतो.

जाधववाडीची पेंड आणि कोंबडी खाद्य का टाळायचे?

गुरांसाठी सरकी पेंड सहज मिळते. पण सरकीत गॉसिपॉल हा घटक असतो. रवंथ करणारी जनावरे तो बऱ्यापैकी पचवतात, उंदरासारख्या एक-कप्पी पोटाच्या प्राण्याला तो बाधतो. शिवाय नराची प्रजननक्षमता त्याने घटते. पैदाशीसाठी पाळलेल्या प्राण्याला याहून वाईट खाद्य शोधून सापडणार नाही.

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, म्हणजे उंदराच्या गरजेच्या सात-आठपट. मांसल कोंबड्यांच्या खाद्यात अनेकदा रोगप्रतिबंधक औषधे मिसळलेली असतात. शेंगदाणा पेंडीत प्रथिने चांगली असतात, पण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. ते यकृताला घातक आहे. भिजलेल्या मक्याचेही तेच. खाद्याला कुबट वास आला, की ते टाकून द्यावे. वाळवून, चाळून पुन्हा वापरले तरी विष जात नाही. सूर्यफुलाच्या बिया उंदीर आवडीने खातात, पण त्या रोज दिल्या तर माद्या लठ्ठ होतात आणि वेत कमी होतात.

संभाजीनगरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उंदीर कमी खातात, नरांची क्षमता घसरते आणि पाण्याची बाटली एक दिवस जरी तुंबली, तरी पिंजरा संपतो. सोयाबीनचे तेल उष्णतेत खवट होते, म्हणून उन्हाळ्यात एका वेळी आठवड्यापुरत्याच बट्ट्या कराव्यात.

कायदा काय सांगतो?

नाग, धामण, अजगर यांसारखे भारतीय साप घरी पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार मनाई आहे. सर्पमित्राने पकडलेला सापही घरी ठेवता येत नाही. बॉल पायथन ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. त्यांची पिल्ले झाली, मृत्यू झाला किंवा मालक बदलला, तरी कळवावे लागते.

जिवंत उंदीर सापापुढे टाकून त्याचा रील करणाऱ्यांनी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चे ११ वे कलम वाचावे. केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला दुसऱ्याचे भक्ष्य बनेल असे कोंडणे, हा त्यात गुन्हा आहे. व्यवहारातही जिवंत उंदीर सापालाच चावतो, आणि जखम चिघळते. त्यामुळे आधीच मारून गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात पूर्ण वितळवून, कोरडा करून देण्याची पद्धत जगभर रूढ आहे. त्यासाठी फ्रीजरचा कप्पा मात्र वेगळा हवा. घरातल्या भाज्यांसोबत तो चालणार नाही.