पाते बसते, म्हणून चालते असे नाही



चामोर्शी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे. त्यांचे पती गावातच वेल्डिंगचे दुकान चालवतात. धाकटा दीर आयटीआय झालेला आहे, तोही सोबत असतो. खिडक्यांच्या ग्रिल, दाराच्या लोखंडी चौकटी, फाटके, कूलरचे स्टँड, शेडचे ट्रस अशी कामे येतात. लोखंड कापायला दगडी चाकाची चॉप सॉ मशीन आहे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या ठिणग्यांनी दुकानामागचा तणसाचा ढीग पेटला. शेजारी बादल्या घेऊन धावले, म्हणून घर वाचले.

आता दिराचे म्हणणे आहे की, ठिणगी न उडवणारी 'ड्राय कट' मशीन घ्यावी. किंमत ऐकून पती मागे सरले. तेवढ्यात एका दुकानदाराने त्यांना सांगितले, "मशीन कशाला बदलता? दात्यांचे पाते तेवढे घ्या, जुन्याच मशीनवर बसते." पैसे बचत गटातून काढायचे आहेत आणि कर्जाच्या कागदावर सही ताईंची आहे. त्या विचारतात, "दादा, मशीन घ्यावी, पाते घ्यावे, की आहे तेच चालू द्यावे?"

ताई, पात्याचे उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर झाला तर माणसाचा हात जाईल. दात्यांचे पाते जुन्या मशीनवर लावू नका. एक काप करून पाहण्यापुरतेसुद्धा नको. आता कारण सांगतो.

दोन मशीन, दोन वेग

दोन्ही मशीन दिसायला सारख्याच. खाली पाट, मागे पकड, वर मोटर आणि हाताने खाली ओढायचा दांडा. चाकही बहुधा ३५५ मिलिमीटरचे, म्हणजे १४ इंचीच. मधले भोकही बहुतेक वेळा सारखेच, २५.४ मिलिमीटरचे. म्हणूनच पाते 'बसते'. फरक आहे तो वेगाचा. दगडी चाकाची मशीन मिनिटाला ३८०० च्या आसपास फेरे घेते. ड्राय कट मशीन १३०० ते १५०० च्या आसपास घेते.

हिशेब करून पाहू. १४ इंची चाकाचा घेर साधारण १ मीटर ११ सेंटिमीटर. मिनिटाला ३८०० फेरे झाले की चाकाची कड ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावते. १३०० फेऱ्यांवर तीच कड ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास राहते. दगडी चाक पहिल्या वेगासाठीच बनवलेले असते. दात्यांच्या पात्यावर मात्र टंगस्टन कार्बाइडची बारीक टोके डाग देऊन बसवलेली असतात. ती कठीण असतात, पण ठिसूळही असतात. अडीचपट-तिप्पट वेगाने ती लोखंडावर आदळली की निखळतात आणि बंदुकीच्या छऱ्यासारखी उडतात. पाते वाकून पकडीत अडकले, तर मशीनच उसळते. प्रत्येक पात्यावर त्याचा जास्तीत जास्त वेग छापलेला असतो आणि मशीनच्या पट्टीवर तिचा वेग लिहिलेला असतो. मशीनचा आकडा पात्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर ते पाते त्या मशीनचे नाही. हे दोन आकडे वाचता आले की दुकानदाराला विचारायची गरज राहत नाही.

उलट प्रकारही करू नका. ड्राय कट मशीनवर दगडी चाक लावू नका. ती मशीन त्या चाकासाठी बनवलेली नसते आणि तिच्या कमी वेगात ते नीट कापतही नाही.

ठिणगीचे खरे कारण

दगडी चाक खऱ्या अर्थाने कापत नाही, ते घासून झिजवते. लोखंडाचे बारीक कण तापून लाल होतात आणि हवेत जळतात. तीच ठिणगी. पाईप निळा पडतो, कडेला बुरी राहते, ती ग्राइंडरने काढावी लागते. चाक स्वतःही झिजत जाते. त्याची भुकटी हवेत उडते आणि श्वासावाटे छातीत जाते. दात्यांचे पाते मात्र लोखंडाचा कीस काढते. बरीचशी उष्णता त्या किसाबरोबर निघून जाते. कापलेला पाईप फारसा तापत नाही, कड स्वच्छ येते, जोड घट्ट बसतो. ठिणगी अगदी बंद होत नाही, पण पुष्कळ कमी होते.

आपल्या जिल्ह्यांत ही गोष्ट महत्त्वाची आहे. आलापल्लीचा साग नावाजलेला, पण आता आपल्या भागातही घराच्या चौकटी लोखंडाच्या होत चालल्या आहेत. त्यामुळे खेड्याखेड्यांत वेल्डिंगची दुकाने दिसतात. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला धानाचे तणस आणि मध्ये ठिणग्या. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ. पानगळीने जमीन झाकलेली असते आणि वारा सुटतो.

पण ताई, एक गोष्ट दिराला नीट समजावून सांगा. ड्राय कट मशीन आली, तरी वेल्डिंगची ठिणगी राहणारच आहे. हातातल्या ग्राइंडरचीही राहणार आहे. मशीन बदलून तणसाचा धोका जात नाही, तणस हलवल्याने जातो. गरम कामाभोवती ३५ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ११ मीटरपर्यंत पेट घेणारे काही नसावे, असा मोठ्या कारखान्यांतून पाळला जाणारा नियम आहे. तेवढी जागा झाडून घ्या. ठिणगी जाते त्या बाजूला पत्रा उभा करा. पाण्याची बादली आणि रेतीची पाटी जवळ ठेवा. काम आटोपल्यावर लगेच दुकान बंद करून जेवायला जाऊ नका. निदान तासभर कुणीतरी लक्ष ठेवावे, कारण तणसात पडलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि उशिरा पेटते. याला कर्ज काढावे लागत नाही. हे आजच करा.

मशीन कुणी घ्यावी

आता कर्जाचा प्रश्न. ड्राय कट मशीन दगडी चाकाच्या मशीनपेक्षा बरीच महाग असते आणि तिचे एक पाते काही हजारांचे असते. म्हणून आधी पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज किती काप केले, कशाचे केले, किती चाके संपली, बुरी काढण्यात किती वेळ गेला, हे लिहा. ही वही तुम्हीच ठेवा. सही तुमची आहे, म्हणून हिशेब विचारण्याचा अधिकारही तुमचा आहे.

वहीत रोजच्या रोज चौकोनी पाईप, अँगल आणि पट्टी यांचेच काप भरपूर दिसले, तर मशीन उपयोगाची आहे. चाकांचा खर्च आणि ग्राइंडरवरचा वेळ वाचेल. कामे जास्त करून बांधकामाच्या सळईची असतील, तर घेऊ नका. सळई पकडीत फिरते, तिचा वरचा थर कठीण असतो, दाते तुटतात. गाडीची जुनी पट्टा-स्प्रिंग किंवा कडक केलेले पोलादही या पात्याने कापायचे नाही. स्टेनलेस स्टीलला त्याचे वेगळे पाते लागते. आठवड्यातून चार-दोन कापच होत असतील, तर आहे ती मशीन सांभाळून वापरा.

घेण्याआधी वीज पाहा. २२०० वॉटची मशीन २३० व्होल्टवर जवळजवळ १० अँपिअर घेते, सुरू होताना त्याहून पुष्कळ जास्त. घरातल्या लहान प्लगवर ती लावू नये. १६ अँपिअरचा प्लग, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, नीट अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. बारीक तारेचे लांब एक्स्टेन्शन लावले की दाब पडतो, मोटर तापते, पाते अडखळते. वेल्डिंग आणि कटाई एकाच वेळी एका लाईनवर करू नका. संध्याकाळी दाब कमी असतो, तेव्हा कापण्याचे काम सकाळी उरकावे.

दुकानात स्वतःचा पाईप आणि अँगल घेऊन जा आणि समोर कापून दाखवायला सांगा. पकड घट्ट बसते का, खालचे झाकण पाते पूर्ण झाकते का, किसासाठी पेटी आहे का, ते पाहा. कार्बन ब्रश आणि दुरुस्ती चंद्रपुरात मिळेल, की प्रत्येक वेळी नागपूर गाठावे लागेल, हे विचारा. पाते घेताना दाते मोजा. पातळ पाईपला जास्त दाते, जाड अँगलला कमी दाते असलेले पाते लागते. पक्के बिल घ्या.

कर्जाबद्दल आणखी एक. गटाचे पैसे काढण्याआधी दिराचे आयटीआयचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि मशीनचे दरपत्रक घेऊन गडचिरोलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच आहे. तिथेही विचारा. सध्या कोणती योजना चालू आहे, हे कार्यालयातूनच लिहून घ्या, दलालाकडून नको.

वापरताना

पाते बदलताना प्लग काढलेला असावा. पात्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एका दिशेला हवा. माल पकडीत इतका घट्ट हवा की हाताने हलवला तरी हलू नये. दाते तुटण्याचे मोठे कारण म्हणजे सैल पकड. अँगल घराच्या छपरासारखा ठेवा, कोपरा वर आणि दोन्ही पाय खाली. पट्टी आडवी न ठेवता उभी धरा. लांब पाईपला तेवढ्याच उंचीचा टेका द्या. कापून पडणारा तुकडा मोकळा पडला पाहिजे, पाते दाबून धरता कामा नये. चार पाईप एकत्र बांधून कापू नका.

पाते पूर्ण वेगात येऊ द्या, मगच खाली आणा. सुरुवातीला हलका हात, पाते शिरल्यावर एकसारखा दाब. आदळू नका, आणि घाबरून नुसते घासतही ठेवू नका. घासण्याने दाते तापून बोथट होतात. पाणी किंवा तेल टाकायचे नाही, ही कोरडी कटाई आहे. काप झाल्यावर पाते थांबेपर्यंत तुकड्याला हात लावू नका. एखादा दाता तुटलेला दिसला, तर पाते त्याच क्षणी उतरवा.

गळ्यात दुपट्टा नको, सैल बाह्या नकोत. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, माल उचलताना घाला. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर चेहऱ्याचे झाकण लावा. कानात बोळे घाला, कारण या मशीनचा आवाजही मोठाच असतो. कीस गरम आणि धारदार असतो. फुंकू नका, ब्रशने गोळा करा. अंगणात मुले अनवाणी फिरतात, म्हणून शेवटी लोहचुंबक फिरवून घ्या. डोळ्यात कण गेला, तर पदराच्या टोकाने किंवा काडीने काढू नका. डोळा न चोळता दवाखान्यात जा. लोखंडाचा कण बुबुळावर राहिला की तिथेच गंजतो.

आणि जुनी मशीन चालू ठेवणार असाल, तर तिच्या चाकाच्या मधल्या कड्यावर छापलेली मुदत वाचा. मुदत संपलेले, पावसात भिजलेले किंवा कड उडालेले चाक फेकून द्या. आपल्याकडचा पावसाळा मोठा, चाके कोरड्या फळीवर आडवी ठेवा.

तर ताई, क्रम असा ठेवा. आज तणस हलवा. उद्यापासून वही सुरू करा. पंधरा दिवसांनी वहीने होकार दिला, तर मशीन घ्या. नुसते पाते मात्र कधीच घेऊ नका. दिराचे शिक्षण कामाला आले, हे चांगलेच आहे. त्याला सांगा की, मशीनच्या पट्टीवरचा आणि पात्यावरचा वेगाचा आकडा दादांना आणि वहिनीला वाचून दाखव. घरातल्या तिघांनाही तो आकडा कळला, तर कुणी दुकानदार पुन्हा फसवू शकणार नाही.

वही भरल्यावर पुन्हा लिहा. उत्तराची वाट पाहतो.