चावी मित्राची, पॉलिसी कुणाची?

हॉस्टेलवर एकाने गाडी आणली की ती सगळ्यांचीच होते! "चावी दे रे, कनेरगाव नाक्यापर्यंत जाऊन येतो," म्हटलं की झालं. पण वाशिम-हिंगोली रस्त्यावर ती ठोकली तर विमा कुणाचा?

आपल्याकडे हा विमा चालवणाऱ्याचा नसून गाडीचा असतो. समोरच्याची भरपाई मालकाच्या थर्ड पार्टी पॉलिसीतून होते. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर कंपनी ते पैसे मालकाकडून वसूल करू शकते. गाडीचा खर्च फुल इन्शुरन्स असेल तरच मिळतो, आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस मालकाचाच जातो.

आणि चालवणाराच दगावला तर? मागून घेतलेली मोटारसायकल पुढच्या बैलगाडीवर आदळली, त्या निंगम्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००९ साली सांगितलं की असा चालक मालकाच्याच जागी येतो. म्हणजे तो थर्ड पार्टी नाही! सक्तीचा पंधरा लाखांचा अपघात विमाही मुळात मालक-चालकासाठी असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत : देणाऱ्याने लायसन्स बघावं, घेणाऱ्याने पॉलिसीची तारीख बघावी आणि स्वतःचा वेगळा अपघात विमा काढावा. कागद मागितल्याने दोस्ती तुटत नाही. अपघातानंतरच्या भांडणाने मात्र नक्की तुटते!