पेटीवरचं नाव आणि आतला माल

गोदीत पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या मुकादमानं मला सांगितलं होतं : पेटीवर काय लिहिलंय ते वाचत बसू नको, पेटी उचलून बघ. वजन खोटं बोलत नाही. आता सगळं कंटेनरमधून येतं, पण कंटेनर खाली करताना अजून तेच. वर कापडाचं नाव आणि उचलायला गेलं तर दोघांची कंबर वाकते. मग टॅलीवाल्याचा कागद मागायचा. पेटी, वजन आणि कागद, तिन्ही जुळलं नाही तर कुठंतरी पाणी मुरतंय. कागद हातात नसताना "साले चोर आहेत" म्हणून गेटवर बोंबललो तर वॉचमनसुद्धा हसतो.

म्हणून या अंकातली संपादकीयाची जागा मी एका मेलेल्या मासिकाला देतोय. नाव 'रॅम्पार्ट्स'. गाव अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को. १९६२ साली निघालं आणि १९७५ साली बंद पडलं, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीच. त्यानं सरकारच्या पेट्या उघडल्या. कशा उघडल्या आणि ते मेलं कशानं, दोन्ही गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

जन्मानं ते काही लाल नव्हतं. एडवर्ड कीटिंग नावाच्या एका पैसेवाल्या कॅथलिक माणसानं सुरू केलेलं ते धर्म आणि साहित्याचं त्रैमासिक होतं. पण काळ्यांवरच्या जुलमाबद्दल चर्च तोंड उघडेना, व्हिएतनामबद्दलही उघडेना. प्रश्न विचारता विचारता मासिक डावीकडे सरकलं. वॉरन हिंकल आणि रॉबर्ट शीअर ही पोरं संपादनात आली. डुगाल्ड स्टर्मर नावाच्या कलावंतानं त्याचं रूप पालटलं. गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर. दिसायला बड्या भांडवली मासिकासारखं आणि आत बारूद. त्यामुळे ते चळवळीतल्या शंभर डोक्यांपुरतं उरलं नाही. स्टॉलवर विकलं गेलं. ऐन भरात खप दोन लाखांच्या वर गेला.

फेब्रुवारी १९६६ च्या कव्हरवर एक फौजी होता. डोनाल्ड डंकन, स्पेशल फोर्सेसचा मास्टर सार्जंट, छातीवर पदकं. व्हिएतनाममध्ये लढून आलेला हा गडी सांगत होता की मी नोकरी सोडली, आम्हाला जे सांगून तिकडं धाडलं ते सगळं थोतांड होतं. बाहेरच्यानं युद्धाला शिव्या घालणं वेगळं. इथं माल भरणाराच आत काय आहे ते सांगत होता.

दोन महिन्यांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीची पाळी आली. १९५५ ते १९६२ या काळात या विद्यापीठाचा दक्षिण व्हिएतनाममध्ये 'सल्लागार' प्रकल्प होता. वर लिहिलेलं नाव : शिक्षण, प्रशासन, मदत. आतला माल : हुकूमशहा दिएमच्या पोलिसांना तालीम, आणि प्राध्यापकांच्या यादीत लपलेले सीआयएचे लोक. हे कुणी सांगितलं? त्याच प्रकल्पाचं विद्यापीठातलं काम बघणाऱ्या स्टॅन्ली शाइनबॉमनं. विद्या पवित्र असते म्हणणाऱ्यांचे चेहरे त्या दिवशी बघण्यासारखे झाले असतील.

जानेवारी १९६७ च्या अंकात विल्यम पेपरनं आणलेले व्हिएतनामी पोरांचे फोटो छापले. नापामनं भाजलेली लेकरं. तो अंक मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हातात पडला. युद्धाविरुद्ध उघड बोलू नका, सरकार नाराज होईल, असं त्यांचेच लोक त्यांना सांगत होते. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये किंग बोलले, आणि पुन्हा गप्प बसले नाहीत. बरोबर एका वर्षानं, ४ एप्रिल १९६८ ला, त्यांना गोळी घातली.

सगळ्यात मोठी पेटी फुटली ती मार्च १९६७ च्या अंकात. अमेरिकेत नॅशनल स्टुडंट असोसिएशन ही विद्यार्थ्यांची मोठी संघटना होती. स्वतंत्र, लोकशाहीवादी, जगभर शिष्टमंडळं पाठवणारी. मायकेल वुड नावाचा पोरगा तिच्यासाठी निधी जमवायचा. त्याला कळलं की पैसा सीआयएचा आहे. तो 'रॅम्पार्ट्स'कडं आला. मंडळींनी लगेच छापलं नाही. देणग्या देणाऱ्या फाउंडेशनांचे कागद काढले, कराच्या नोंदी चाळल्या. एक फाउंडेशन दुसऱ्याला पैसे देतं, दुसरं संघटनेला. मधली फाउंडेशनं म्हणजे नुसते पाइप. सीआयएला सुगावा लागला. संघटनेनंच पत्रकार परिषद घेऊन कबुली द्यायची आणि बातमीतली हवा काढायची, असा बेत शिजला. 'रॅम्पार्ट्स'नं अंक यायच्या आधीच १४ फेब्रुवारीला मोठ्या दैनिकांत पानभर जाहिरात देऊन तो उलटवला. पुढच्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना असली छुपी मदत थांबवण्याचा आदेश काढावा लागला.

त्या पाइपांचं एक तोंड आपल्या मुंबईतही होतं. 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या जागतिक संस्थेची भारतीय समिती १९५१ च्या मुंबई परिषदेतून उभी राहिली. 'क्वेस्ट' हे इंग्रजी नियतकालिक मुंबईतून निघायचं, ते याच गोतावळ्यातलं. मूळ संस्थेला सीआयएचा पैसा होता हे १९६६-६७ मध्ये उघड झालं. तिथं लिहिणारा प्रत्येक जण विकलेला होता असं मी म्हणणार नाही. पुष्कळांना ठाऊकही नसेल. पण विचारस्वातंत्र्याचं बिल कोण भरतं हे विचारायला आपण शिकलं पाहिजे.

सरकार गप्प बसलं नाही. देशातल्या लोकांवर पाळत ठेवायची कायद्यानं मनाई असलेल्या सीआयएनं 'रॅम्पार्ट्स'च्या माणसांची माहिती गोळा केली, कराचे कागद मागवून घेतले. हे पुढं सिनेटच्या चौकशीत बाहेर आलं. तरी ही मंडळी कचरली नाहीत. डिसेंबर १९६७ च्या कव्हरवर चार हात, चार जळती सैन्यभरतीची कार्डं. हात संपादकांचे आणि कार्डांवर त्यांची खरी नावं.

आता पँथरची गोष्ट. ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ ला ओकलंडमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडं, उभी राहिली. फेब्रुवारी १९६७ मध्ये माल्कम एक्सची विधवा बेटी शबाझ 'रॅम्पार्ट्स'च्या कचेरीत आली तेव्हा तिच्या भोवती बंदूकधारी पँथर होते. बाहेर फुटपाथवर ह्यूई न्यूटन पोलिसांसमोर छाती काढून उभा राहिला. मासिकाचा लेखक एल्ड्रिज क्लीव्हर हे बघून पँथर झाला. पाच वर्षांनी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर निघाली. नाव तिथलं आणि जखम इथली.

पण क्लीव्हरची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याची पत्रं तुरुंगातून छापून, त्याला बाहेर आणायला मदत करून 'रॅम्पार्ट्स'नं एका कैद्याला लेखक केलं, हे मोठं काम. त्याच क्लीव्हरनं आपल्या पुस्तकात लिहिलं की बाईवर बलात्कार हे आपण बंड समजत होतो. चुकलो असंही तिथंच लिहिलं. पण चाहत्यांनी बंड तेवढं उचललं, बाई विसरली. फेब्रुवारी १९६८ ला मासिकानं बायकांच्या ताकदीवर अंक काढला आणि कव्हरवर बाईचं धड छापलं, डोक्याशिवाय. सगळ्यांच्या पेट्या उघडणाऱ्यांनी घरची पेटी उघडली नाही. हसू नका. आपल्या अंकाची पानं उलटा आणि आयाबहिणींची नावं मोजा.

आणि ते मेलं कशानं? सीआयएनं मारलं नाही. आधी कीटिंगची आणि त्याच्या बायकोची मिळकत खपली, मग इतर धनिकांची. १९६७ मध्ये कीटिंगलाच बाहेर काढलं. हिंकल विमानात पहिल्या वर्गानं फिरायचा, उंची हॉटेलात पार्ट्या द्यायचा. १९६९ ला दिवाळं निघालं. हिंकल दुसरं मासिक काढायला गेला, शीअरलाही घालवलं. उरलेल्यांनी सहा वर्षं रेटलं. शेवटच्या काळातले संपादक हॉरोविट्झ आणि कॉलिअर पुढं पार उजवीकडं गेले. मात्र त्याच घरातून निघालेल्या काही जणांनी १९७६ ला 'मदर जोन्स' काढलं. मालक शेठ नाही, ना-नफा संस्था. नाव एका म्हाताऱ्या कामगार पुढारणीचं. १९७७ मध्ये त्यांनी फोर्डच्या पिंटो गाडीची पेट्रोलची टाकी कशी पेट घेते ते कंपनीच्याच कागदांतून दाखवलं, आणि पुढच्या वर्षी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ते अजून निघतंय.

दोस्तांनो, आपल्याकडं येणाऱ्या दहा लेखांत नऊ आग असतात. आग मलाही कळते, मी कवी आहे. पण आठवा, दलित पँथरच्या रागामागं नुसता राग नव्हता. १९७० ला संसदेत आलेला एलाया पेरुमल समितीचा अहवाल होता, गावांची नावं होती, अत्याचारांच्या नोंदी होत्या. कविता पेटली कारण खाली सरपण होतं.

म्हणून पुढच्या अंकासाठी कविता पाठवा, पण सोबत कागदही पाठवा. वसतिगृहात काम करत असाल तर मेसच्या बिलाची झेरॉक्स. ठेक्यावर असाल तर पगाराची चिठ्ठी आणि हजेरीचा मस्टर, दोन्ही. शिष्यवृत्ती अडली असेल तर अर्जाची पोच. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. एका नावाच्या दोन नोंदी जुळवून बघा. जुळल्या नाहीत तर आम्हाला सांगा. तुमचं नाव छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा, कारण नोकरी तुमची जाणार आहे, आमची नाही.

आणि वर्गणी. मागच्या अंकाचे छापखान्याचे पैसे अजून निम्मे द्यायचे आहेत. एका गृहस्थानं सगळा खर्च उचलतो म्हटलं होतं. चहा पाजून परत पाठवला. दहा-दहा रुपये देणारी शंभर माणसं असली की कुणालाच आपली पेटी एकट्याला उचलून नेता येत नाही.

जयभीम.