मासे इथले, पण तुम्ही कुठले?

जून उजाडला की इंदापूरच्या सेतू केंद्रांबाहेर एक ठरलेली गर्दी दिसते. सीईटीचा निकाल लागलेला असतो, कॅप राउंड तोंडावर असतात आणि फाइलमध्ये डोमिसाइल नसतं. मग शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, लाइट बिल, तलाठ्याचा रहिवासी दाखला, सगळ्याच्या झेरॉक्सा. महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलोय हे सिद्ध करायचं. आपल्यासाठी हा आठ-दहा दिवसांचा वैताग. पण 'तू इथलाच कशावरून?' हा प्रश्न ज्यांच्या धंद्यालाच चिकटलाय, अशी माणसं आपल्या शेजारीच राहतात.

लोणी देवकरला आपल्याला एमआयडीसी माहीत असते आणि हायवेवरच्या धाब्यांवरची मच्छी थाळी. ती मच्छी येते मागच्या उजनीच्या पाण्यातून. हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, साठा साधारण ११७ टीएमसी. भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, माणसं उठून वरच्या अंगाला आली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं आणि आपण तिथे रील्स काढायला जातो. त्या मंदिराभोवती कधीकाळी गाव होतं, हे विसरायला नको. शेती बुडाली तसे काही जण मासेमारीकडे वळले. भोई-कोळ्यांचा हा आधीपासूनचाच धंदा. पाणी वाढलं की बाहेरून आणखीही लोक आले.

आता इथला 'स्थानिक' कोण? ज्याचं गाव बुडालं तो, ज्याच्या पिढ्या नदीवर गेल्या तो, की वीस वर्षांपूर्वी काठावर पाल टाकून राहिलेला?

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसारखा दर्जा दिला. म्हणजे कर्ज, वीजदर, विमा अशा सवलती शेतकऱ्याप्रमाणे मच्छीमारालाही. निर्णय चांगलाच आहे. पण शेतकऱ्याकडे सातबारा असतो. पाण्याचा सातबारा कुठून आणायचा? राज्यातल्या जलाशयांमध्ये मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतो, काही ठिकाणी परवान्याने. संस्थेचं सभासद व्हायचं तर कार्यक्षेत्रातला रहिवास दाखवावा लागतो. पाण्यामागे सरकणाऱ्या कुटुंबाचं लाइट बिल नसतं, पोरांच्या शाळा मोडलेल्या असतात. राहणं खरं असतं, कागद नसतो.

स्थानिकांना आधी हक्क, ही कल्पना चुकीची आहे असं मला वाटत नाही. अमेरिकेत तर शिकारीचं आणि मासेमारीचं लायसन्स राज्याराज्याचं वेगळं असतं आणि रहिवाशाला ते स्वस्त पडतं. १९७६ मध्ये मोंटाना राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचं लायसन्स रहिवाशाला ९ डॉलरला मिळायचं. बाहेरच्याला २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्सच घ्यावं लागायचं. प्रकरण तिथल्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये कोर्टाने राज्याची बाजू उचलून धरली. जनावरं सांभाळायचा खर्च तिथले लोक वर्षभर उचलतात, असा राज्याचा युक्तिवाद होता. त्याच मोंटानात रहिवासी ठरायला आज लागतात सलग १८० दिवस. शिवाय गाडी तिथे नोंदवलेली हवी, आयकर तिथला रहिवासी म्हणून भरलेला हवा. तुम्ही आज तिथे जगताय का, एवढंच ते तपासतात. आपल्याकडे १५ वर्षांचा इतिहास मागतात.

आणि इतिहास कुणाकडे असतो? इंदापूर-बारामतीतल्या फासेपारध्यांचं बघा. शिकार हाच ज्यांचा धंदा, त्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याच्या धोरणाने जन्मतः गुन्हेगार ठरवलं. हजेरी, सेटलमेंट, तारांचं कुंपण. सोलापूरची सेटलमेंट अजून लोकांच्या बोलण्यात आहे. १९५२ मध्ये तो शिक्का निघाला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तेव्हा काही शिकारीला लायसन्स मिळायचं, १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेलं. वन्यप्राणी वाचवायला हे हवंच होतं. पण धंदा गेल्यावर सवलतीसाठी जातीचा दाखला काढायला गेलं की अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास विचारतात. तेव्हा ही माणसं पोलिसांच्या भीतीने गावोगाव फिरत होती. त्यांच्या राहण्याची सगळ्यात पक्की नोंद कुणाकडे असेल, तर ती हजेरी घेणाऱ्यांकडे!

'अहो, पण नियम म्हणजे नियम.' बरं. २०२४ ची लाडकी बहीण आठवते? जूनअखेर योजना जाहीर झाली, डोमिसाइलसाठी झुंबड उडाली आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात सरकारने नियम सैल केला. १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्म दाखला, यातलं काहीही चालेल. म्हणजे मनात आलं तर आठवड्याभरात पर्याय निघतो. उजनीच्या काठावर एवढी मतं नाहीत, हा काही त्या मच्छीमारांचा दोष नाही.

उजनीत खरी तक्रार आहे ती बारीक आसाच्या जाळ्यांची. पिल्लं ओढून नेली की पुढच्या हंगामात मासा येणार कुठून? मत्स्यबीज सोडायचं आणि ते वाढायच्या आतच उपसायचं. याचं खापर लगेच 'बाहेरच्यां'वर फुटतं. काही वेळा ते खरंही असेल. पण बारीक जाळं इथल्या माणसाच्या होडीतही सापडू शकतं आणि रेशन कार्ड दाखवून त्यातलं पिल्लू सुटत नाही. परवाना देताना रहिवास बघा, जरूर बघा, पण होडीत उतरून जाळंही बघा.

रहिवासाचा पुरावा म्हणून वेगळं काही चालणार नाही का? भिगवणच्या किंवा इंदापूरच्या मासळी बाजारात आडतदाराकडे माल घातला की हिशोबाची पट्टी होते. तीन-चार वर्षांच्या पट्ट्या एकत्र लावल्या तर माणूस किती हंगाम इथल्या पाण्यावर होता हे कुठल्याही दाखल्यापेक्षा नीट कळेल. ग्रामसभेचा ठराव आहे, अंगणवाडीचं रजिस्टर आहे. सुट्टीत गावी असाल तर एक करता येईल. पुढच्या ग्रामसभेत जाऊन बसा आणि काठावरच्या किती घरांकडे रहिवासी दाखला आहे, एवढंच विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते नोंदवून घ्यायला सांगा. आणि सेतूमध्ये स्वतःचा अर्ज भरताना मागे कुणी जाळं विणणाऱ्या हातात फॉर्म घेऊन उभं असेल, तर त्यांचाही भरून द्या. रांग तशीही लवकर सरकत नाही.