कारचा ब्रेक जगभर ७० मीटरचा, मग राळेगावच्या बाईकला एबीएस का नाही?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिका आणि युरोपियन युनियननं व्यापार कराराचा आराखडा जाहीर केला. गाजलं ते टॅरिफ. पण त्यात गाड्यांबद्दलही एक कलम होतं: दोघं एकमेकांची वाहन-मानकं मान्य करण्याच्या दिशेनं जाणार. त्याच सुमारास जपाननंही अमेरिकेत प्रमाणित झालेल्या कार पुन्हा न तपासता विकू द्यायचं कबूल केलं.

यात ब्रेकचं उदाहरण मजेशीर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगातली कार जास्तीत जास्त ७० मीटरमध्ये थांबली पाहिजे, असं अमेरिकेचा नियम सांगतो. युरोपात चालणारा संयुक्त राष्ट्रांचा नियमही ७० मीटरच सांगतो. पेडलवर पायाचा जोर किती चालेल, त्याची मर्यादाही दोन्हीकडे सारखी. १९९० च्या दशकात दोन्ही नियम मुद्दाम जवळ आणले गेले होते.

मग अडतं कुठं? कागदावर. युरोपात विक्रीआधी सरकारमान्य यंत्रणेकडून मंजुरी घ्यावी लागते. अमेरिकेत कंपनी स्वतःच 'गाडी नियमात बसते' असं सांगते, सरकार नंतर तपासतं. शिवाय अमेरिकेत डॅशबोर्डवरच्या दिव्यावर 'ब्रेक' हा शब्दच लिहिलेला लागतो, युरोपात चिन्ह पुरतं. एवढ्याशा दिव्यासाठी वेगळा भाग बनवायचा!

भारत यात कुठे आहे?

हे नियम जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मंचावर ठरतात आणि त्यामागे दोन करार आहेत. १९५८ च्या करारात एका देशाची मंजुरी दुसरा देश मानतो. १९९८ च्या करारात चाचणीचे नियम एकत्र बसून ठरतात, पण एकमेकांची मंजुरी मानायचं बंधन नाही. भारत २००६ मध्ये दुसऱ्या करारात आला, पहिल्यात नाही. म्हणून पुण्याच्या एआरएआयनं भारतासाठी पास केलेल्या गाडीला युरोपात विकायला वेगळी मान्यता लागते.

आता राळेगावकडे येऊ. कापसाच्या या तालुक्यात घरोघरी जी गाडी दिसते ती १०० किंवा १२५ सीसीची बाईक. भारतात १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, १२५ पर्यंत सीबीएस चालतं. नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून हा नियम लागला. ही १२५ ची रेघ युरोपातही आहे. तिथे छोट्या बाईकला एबीएस किंवा सीबीएस यातलं काहीही चालतं. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतांश दुचाकी या रेघेच्या खालीच येतात. नियम तोच, पण त्यातून सुटणारी माणसं कितीतरी जास्त.

सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो, पण चाक जाम होणं त्यानं थांबत नाही. ते काम एबीएसचं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या टायरला लागून काळी माती डांबरावर येते, तिथे घाबरून ब्रेक मारला की बाईक आडवी होते. (सुट्या खडीवर एबीएसनं थांबायचं अंतर थोडं वाढूही शकतं, पण तोल सुटण्याचा धोका कमी होतो.) २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक गेले, त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे होते. जागतिक नियमानं एबीएस मोजायचं कसं ते ठरवलं. ते बसवायचं की नाही, हे प्रत्येक देशाच्या सरकारवर सोडलं, आणि खरा प्रश्न तोच होता.

जून २०२५ मध्ये केंद्रानं सगळ्या नव्या दुचाकींना १ जानेवारी २०२६ पासून एबीएस सक्तीचं करणारा मसुदा काढला. किंमत वाढेल, सुटे भाग पुरणार नाहीत, असं सांगत कंपन्यांनी मुदत वाढवून मागितली. किमतीचा मुद्दा खोटा नाही. कापसाच्या भावावर हप्ता भरणाऱ्याला दोन-चार हजारही जड जातात. पण १६० सीसीवाल्याचा जीव नियमानं वाचवायचा आणि १०० सीसीवाल्यानं किंमत बघायची, हे पटण्यासारखं नाही.

दुसरा मुद्दा आपोआप लागणाऱ्या ब्रेकचा. युरोपात जुलै २०२४ पासून नव्या कारना तो सक्तीचा आहे, अमेरिकेनं सप्टेंबर २०२९ ची मुदत ठेवली. भारतानं मार्च २०२५ च्या मसुद्यात बस-ट्रकसाठी तो सुचवला. राळेगाव तालुक्यातल्या वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, तिथे हे ट्रक धावतील. पण अशा चाचण्यांत समोर ठेवतात ती कार किंवा माणसाचा पुतळा. दिवाळीनंतर जिनिंगकडे निघालेली, मागे लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉली त्यात नसते. नियम जसाच्या तसा उचलला, तर ही ट्रॉली ओळखता येते का हे कुणी तपासणारच नाही.

आणि हे सगळं नव्या गाडीपुरतं आहे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०२५ मध्ये एमएच २९ ची पाटी लावून एबीएसशिवाय निघालेली बाईक २०४० पर्यंत याच रस्त्यावर चालू शकते.