यंत्राची नाडी

मोटारसायकल म्हणजे दोन चाके, इंजिन आणि पेट्रोलची टाकी, एवढीच आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बुरेटर जाऊन इंधन-इंजेक्शन आले. पेट्रोल किती सोडावे, ठिणगी केव्हा पाडावी, हे आता एक लहानसा संगणक ठरवितो. बिघाड आढळला की तो मीटरवरील दिवा लावतो व दोषाचा क्रमांक स्मृतीत नोंदवून ठेवतो. दिवा सर्वांना दिसतो. क्रमांक मात्र ज्याच्यापाशी वाचण्याचे साधन असेल त्यालाच कळतो. गाडीचा धनी आपल्याच गाडीपुढे निरक्षर ठरतो! ही निरक्षरता घालविणे हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

हे काम वाटते तितके दुर्घट नाही. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांकरिता ‘आर्डुइनो’ ही संगणक-पाटी निर्माण झाली. तिच्या ‘उनो’ या प्रकारात कार्यक्रमासाठी अवघी ३२ किलोबाइट जागा असते. तरी एवढ्या कामास ती पुरते. अनेक मोटारसायकलींचा संगणक ‘के-लाइन’ नावाच्या एकाच तारेवरून सेकंदास १०,४०० बिट या गतीने बोलतो. तार १२ व्होल्टची, पाटी ५ व्होल्टची. म्हणून दोहोंमध्ये व्होल्ट जुळविणारी जोडणी हवीच, एरवी पाटी जळण्याचा संभव असतो. पुढे सारे अंकगणित! प्रमाण पद्धतीत इंजिनाचे फेरे दोन संख्यांनी कळतात. पहिलीस २५६ ने गुणावे, दुसरी मिळवावी व ४ ने भागावे. २२ आणि १२८ आल्यास मिनिटास १४४० फेरे झाले. तापमानाच्या संख्येतून ४० वजा केले की सेल्सिअस अंश मिळतात.

अर्धवट ज्ञानाने मुले गाडी बिघडवितील, अशी शंका वडीलधारी मंडळी घेतील. ती अगदीच निराधार नाही. परंतु वाचणे निराळे आणि पुसणे निराळे. दोष न सुधारता केवळ नोंद पुसून दिवा विझविणे ही विद्या नव्हे, लबाडी होय. शिवाय क्रमांक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. संवेदकाचा दोष दिसला तरी मूळ कारण तुटलेली तारही असू शकते. तेथे अनुभवी मेकॅनिकचाच हात हवा. मात्र त्याच्याकडे जाताना आपण अज्ञानाने नव्हे, तर माहितीने जावे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. पण हक्क मिळूनही वाचता येत नसेल, तर त्याचा उपयोग काय? म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगे व लोहचुंबक यांच्या शेजारी अशी एक पाटी असावी आणि स्टँडवर उभ्या केलेल्या गाडीवर, गुरुजनांच्या देखरेखीखाली, आम्हांस ती चालवू द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे. यंत्र वापरणारे पुष्कळ आहेत. यंत्राचे म्हणणे समजून घेणारे आपल्यातून निर्माण व्हावेत.