थाप मारण्याचे गणित

पोकर हा जुगार खरा. पण पैशांऐवजी चिंचोके घेऊन तो गणिताच्या तासाला जरूर खेळावा, असे मला वाटते. फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात थापेचाही विचार केलाच ना!

समजा, शेवटचे, पाचवे पान उघडले. डावात १०० चिंचोके. तुमची पाने फुसकी. आणखी १०० लावून थाप मारावी? तुम्ही म्हणाल, हिंमत हवी. छे, हिशेब हवा! प्रतिस्पर्धी निम्म्याहून अधिक वेळा पाने टाकत असेल, तरच फायदा.

त्याने तुमची सवय ओळखली तर? मग दर दोन भक्कम डावांमागे एकदाच थाप मारा. तिन्ही वेळा त्याने पाने उघडायला लावली, तर तो दोनदा १०० हरेल, एकदा २०० जिंकेल. बसा म्हणावे डोके खाजवत!